पाचव्या अल्बमची माफी

दीपनगरच्या वीज केंद्रात प्रेमराज पाटील ज्युनिअर इंजिनिअर होता, आणि 'वेट संडेज' या इंग्लिश बँडबद्दल त्याच्याइतकं बारकाईनं बोलणारा माणूस उभ्या खान्देशात दुसरा नव्हता. हे त्याचं स्वतःचं मत. पण 'वेट संडेज खान्देश' या व्हॉट्सअॅप ग्रुपातल्या एक्केचाळीस जणांनाही ते साधारण मान्य होतं. अपवाद एकच, ग्रुपचा अॅडमिन अमन. आणि नेमका तोच प्रेमराजचा जिवाभावाचा मित्र.

एक्केचाळीस हा आकडा ऐकून हसायचं कारण नाही. जळगाव, भुसावळ, धुळं, साक्रीचा एक मेडिकलवाला मगन, आणि पुण्याला जाऊन चार वर्षं झाली तरी 'आमच्या जळगावात' म्हणणारे पाच-सहा जण, असे मिळून एक्केचाळीस होतात. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरात चार पोरांनी बंद पडलेल्या मासळीच्या कारखान्यावर गाणी रचली, ती इकडच्या केळीच्या मुलखात लोकांना का आवडावीत, हे विचारण्यात अर्थ नाही. आवडली. कारखाने बंद पडलेले आपणही पाहिलेत.

जुलैत बँडचा पाचवा अल्बम आला. प्रेमराजनं तो सुट्टीच्या दिवशी क्वार्टरमध्ये दार लावून तीनदा ऐकला, मग ग्रुपवर लांबलचक लिहिलं. लिहायचा तो चांगलं, कुणाची भीड न ठेवता. पहिल्या दोन अल्बमांत ही माणसं घरभाड्याबद्दल गायची, बापाच्या खोकल्याबद्दल गायची. आता हॉटेलच्या खोलीतल्या एकटेपणाबद्दल गातात. हॉटेलात एकटं वाटतं तर घरी जावं. गिटार होतं तिथे आता व्हायोलिनांचा थर चढवलाय, लग्नातल्या केकवर चढवतात तसा. ड्रमर सोडून गेला आणि त्याच्या जागी मशीन आलं, हे अल्बमवर कुठेही लिहिलेलं नाही, पण कान असलेल्याला कळतं.

अमनला हे झोंबलं. अमन बँडच्या बाजूनं बोलायचा ते बापाच्या बाजूनं बोलावं तसं. "बँड मोठा होतो, ऐकणाऱ्यानं पण मोठं व्हावं," त्यानं लिहिलं. मग चांगली जुंपली. अखिल म्हणून एक होता, पुण्यात कंपनीत, तो अमनच्या प्रत्येक वाक्याखाली 'अगदी अगदी' लिहीत राहिला. मगननं विचारलं, "प्रेमराजभाऊ, मंग घ्यायचा की नही ऐकायला?" तिसऱ्या दिवशी विषय अल्बमवरून कार्यक्रमांवर गेला. प्रेमराजनं लिस्बनच्या शोचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "दुसऱ्या कडव्याला नीट बघा. गायक पाणी पितोय आणि त्याचा आवाज चालूच आहे."

मुद्दा बिनतोड होता. अमननं तरी उत्तर दिलं. "मोठ्या स्टेजवर सगळेच थोडं टेप लावतात. तू आयुष्यात एक तरी लाइव्ह शो पाहिलायस का?"

"नाही," प्रेमराजनं लिहिलं. "तुझ्यासोबत बघायचा ठरलाय ना, म्हणून थांबलोय."

ते खरंच ठरलेलं होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, होस्टेलच्या गच्चीवर: हे लोक कधी भारतात आले तर आपण दोघांनीच जायचं, तिसरा कुणी नको. पंधरा वर्षांत बँड आशियात तीनदा आला आणि तिन्ही वेळा भारताला वळसा घालून गेला. या मेमध्ये मात्र मुंबईची तारीख जाहीर झाली, सप्टेंबरातला रविवार. तिकीटविक्री सुरू झाल्या झाल्या अमननं दोन काढली आणि प्रेमराजला फोन केला. "अगदी स्टेजपुढचं कुंपण, प्रेम्या. तू नि मी." त्या दिवशी प्रेमराजनं सोनगीरला आईला फोन करून सांगितलं होतं. तिला काय कळलं देव जाणे, पण पोरगा खूश आहे एवढं कळलं.

तर 'म्हणून थांबलोय' वाचून अमन गप्प बसेल असं वाटलं होतं. त्यानं अर्ध्या तासानं एक फोटो टाकला.

वहीच्या पानाचा फोटो होता. प्रेमराजनं ओळखली ती वही. सोनगीरच्या झेडपी शाळेतून मराठीत शिकून तो जळगावच्या इंजिनिअरिंगला आला, तेव्हा वर्गात सर काय बोलतात ते त्याला कळत नसे. रूम पार्टनर अमननं लॅपटॉपवर हा बँड लावला आणि का कोण जाणे, त्या माणसांचं इंग्रजी आपण शिकायचं असं प्रेमराजनं ठरवलं. गाणी ऐकून ऐकून तो देवनागरीत उतरवायचा, डिक्शनरीत शब्द शोधायचा आणि समोर अर्थ लिहायचा. अर्थ अहिराणीत, कारण अर्थ कळायचा तो त्याच भाषेत. शेवटच्या वर्षी निरोपाच्या दिवशी अमननं त्याला मनगटी घड्याळ दिलं. प्रेमराजकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. त्यानं वही दिली. दोघं सोडून तिसऱ्यानं ती कधी पाहिली नव्हती.

फोटोखाली अमननं लिहिलं होतं, "आमचे समीक्षक, प्रथम वर्ष." पुढे डोळ्यांतून पाणी येईतो हसणारे तीन चेहरे.

मग एकेक जण आला. अखिल म्हणाला, अहिराणी रॉक, याचाच अल्बम काढा. 'पाणी बठ्ठास्ना घरवर पडस', म्हणजे पाऊस सगळ्यांच्याच घरावर पडतो, या ओळीवर लोक लोळले. संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्या ओळीचा स्टिकर केला, आणि पुढे कुणाचा वाढदिवस असो की कुणाच्या गाडीचं पंक्चर, ग्रुपवर तो स्टिकर पडू लागला. व्हिडिओतला पाणी पिणारा गायक कुणाला आठवेना. प्रेमराजचा मुद्दा जिथल्या तिथे मेला.

त्याला राग आला, पण रागाचं एक बरं असतं, तो उतरतो. खाली लाज होती, ती उतरेना. चौतीस वर्षांचा माणूस, दोनशे मेगावॉटच्या युनिटपाशी उभा राहून हाताखालच्या लोकांना हुकूम देणारा, आणि रस्त्यात कुणी चड्डीत गाठावं तसं झालं होतं. तो ग्रुपमधून बाहेर पडला नाही. पडला असता तर लागलंय हे कळलं असतं. गप्प राहिला. अमनला त्यानं फोन केला नाही, अमनचाही आला नाही. असे सहा आठवडे गेले.

मधल्या एका रविवारी तो सोनगीरला घरी गेला तर त्याची आई ताईबाई त्याच्याकडे बघत राहिली. "कसाले तोंड पाडीसन बठेल शे रे भाऊ?"

"काही नही. अमननी गंमत करी."

"मंग गंमतच शे ना. इतला सालनी दोस्ती, एक गंमतवर तोडस का?"

तोडायची कुणाला होती! प्रेमराजला एवढंच हवं होतं की अमननं एकदा म्हणावं, चुकलं. तीन अक्षरं. त्यावर तो सगळं विसरायला तयार होता. मनातल्या मनात तर विसरून बसलाच होता, फक्त ती तीन अक्षरं यायची राहिली होती. दर दिवशी तो फोन बघायचा. तिकिटं अमनकडे होती आणि दिवस चालले होते.

जैनांच्या संवत्सरीचा दिवस आला. होस्टेलमध्ये या दिवशी अमन खोली-खोलीत जाऊन हात जोडायचा, 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचा; वर्षभरात मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. मेसच्या आचाऱ्यालाही म्हणायचा. पहिल्या वर्षी प्रेमराजला गंमत वाटली, तेव्हा अमननं समजावलं होतं की हे उगाच नसतं. पप्पा सांगतात, ज्याच्याशी वर्षात बिनसलं त्याच्याकडे आधी जायचं, बाकीच्यांकडे मागून. पुढे दर वर्षी त्याचा फोन यायचा. अमनचं लग्न झालं, वडिलांचं दुकान अंगावर पडलं, तशी गेली दोन-तीन वर्षं फोनही राहिला होता.

दुपारी प्रेमराज कँटीनमध्ये बसला होता. अमनच्या नंबरावरून मेसेज आला.

"प्रिय प्रेमराज, गेल्या वर्षात जाणते-अजाणतेपणी माझ्या बोलण्याने वा वागण्याने तुमचे मन दुखावले असेल, तर अंतःकरणापासून क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम्. अमन."

प्रेमराजनं तो चारदा वाचला. 'तुमचे' वाचून त्याला हसू आलं. पंधरा वर्षं 'प्रेम्या' म्हणणारा माणूस माफी मागताना बिचारा किती अवघडला असेल, की अहो-जाहोवर आला. आणि 'बोलण्याने वा वागण्याने'! दोन्ही आलं त्यात, तो 'शो पाहिलायस का' म्हणाला तेही आणि फोटोही. त्याच्या छातीवरचा सहा आठवड्यांचा धोंडा उतरला. ताटातली भाजी गार झाली तरी तो लिहीतच होता.

काय लिहिलं नाही त्यानं! की मी रोज वाट बघत होतो. की वहीचा फोटो पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तू मागितलीस ना माफी, झालं, विषय संपला. की मीही कमी नाही, अल्बमवर फार तोंडसुख घेतलं. घाई केली, दहा-बारा वेळा ऐकल्यावर आता आवडायला लागलाय, अल्बमबद्दल मी चुकलो. हे खोटं होतं. अल्बम त्यानं नंतर एकदाही लावला नव्हता. पण समोरचा इतका वाकलाय तर आपणही थोडं वाकावं, असं त्याला मनापासून वाटलं. शेवटी लिहिलं, "शनिवारी दुपारी दुकानावर येतो, तिथूनच निघू."

अमनचं उत्तर तासाभरानं आलं. "अरे ठीक आहे रे," आणि उभा अंगठा.

संध्याकाळी ग्रुपवर प्रेमराजच्या पत्रातली एकच ओळ चिकटवलेली दिसली, 'अल्बमबद्दल मी चुकलो', आणि वर अमनचं, "केस बंद." प्रेमराजला क्षणभर खटकलं. मग त्यानं स्वतःची समजूत काढली, की अमन असाच आहे, त्याला जिंकायला आवडतं, जिंकू दे. मगननं विचारलं, "खरंच आवडला का भाऊ?" प्रेमराजनं सर्वांसमक्ष उत्तर दिलं, "हो. पुन्हा ऐकून पाहा." आपलं मत त्यानं मित्राच्या पायाशी नेऊन ठेवलं, आणि ठेवताना त्याला बरं वाटलं.

शनिवारी दुपारी तो बॅग घेऊन जळगावला पोचला. बाजारातलं अमनचं भांड्यांचं दुकान तीन मजली, दारात पिंपांची उतरंड. गादीवर अमनचे वडील सुरेशचंद बसले होते. जुना नोकर लोटन कुकरची खोकी उतरवत होता. रस्त्यावर गाडी उभी होती, डिकी उघडी, आणि अखिल तिच्यात पाण्याच्या बाटल्या ठेवत होता. पुण्याहून हा इकडे उलटा कशाला आला, असं प्रेमराजच्या मनात आलं, पण त्याच्या अंगात बँडचा काळा टीशर्ट दिसला तेव्हा प्रेमराजनं बॅग खाली ठेवली.

अमन आतून आला आणि त्याला बघून खरोखर खूश झाला. "अरे प्रेम्या! कुठे निघालास बॅग घेऊन? लोटन, चहा सांग."

"कुठे म्हणजे? मुंबईला."

अमनचा चेहरा कोरा राहिला. "तुला तिकीट मिळालं? कुठून?"

"तुझ्याकडे आहे ना माझं."

"ते... ते तर मी जुलैतच अखिलला दिलं रे. तू अल्बमला एवढ्या शिव्या घातल्यास, मला वाटलं तू काय येत नाहीस. टेपवर गाणाऱ्यांना बघायला कशाला येशील?"

"मी लिहिलं होतं तुला. शनिवारी येतो म्हणून. तू अंगठा दिलास."

अमननं खिशातून फोन काढला आणि अंगठ्यानं वर सरकवत गेला. पत्र लांब होतं, सरकवायला वेळ लागला. शेवटची ओळ तो आत्ता पहिल्यांदा वाचत होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "सॉरी यार. त्या दिवशी दुकानात एवढी गर्दी होती, मी वरचं वाचलं, तुझं ते अल्बमचं..."

"पण माफी तूच आधी मागितलीस," प्रेमराज म्हणाला. आवाज चढतोय हे त्याला कळत होतं. त्यानं मेसेज काढून फोन अमनपुढे धरला. "हे बघ. प्रिय प्रेमराज."

अमननं वाचलं, आणि त्याला हसू फुटलं. वाईट हेतूनं नाही, पण फुटलं. "आयुषी!" त्यानं आत काउंटरवर बसलेल्या बायकोला हाक मारली. "तुझ्या सॉफ्टवेअरची कमाल बघ!" मग प्रेमराजकडे वळून म्हणाला, "अरे, हे सगळ्या गिऱ्हाइकांना जातं. बिलावरचं नाव आपोआप लागतं. तू दिवाळीत आईसाठी पातेल्यांचा सेट नेला होतास ना?"

आयुषी कौतुकानं म्हणाली, "बाराशे लोकांना गेला, भाऊजी. एकेकाचं नाव घालून. आपलं नाव दिसलं की लोकांना किती बरं वाटतं."

खोकं खाली ठेवत लोटन म्हणाला, "माले बी उना ना भाऊ. बठ्ठास्ले जास तो." त्यानं समजुतीनं सांगितलं, वेड्याला सांगावं तसं.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. एक बाई हातात परात घेऊन ऐकत थांबली होती. प्रेमराजनं विचारू नये ते विचारलं. "म्हणजे तू माफी मागितलीच नाहीस?"

"कशाची?" अमननं विचारलं. तो नाटक करत नव्हता. तो आठवत होता, प्रामाणिकपणे, आणि त्याला आठवत नव्हतं. प्रेमराजला ते बघवेना.

"वहीच्या फोटोची."

"ती? अरे, ती तर मी प्रेमानं टाकली! किती लोकांना आवडली. आपल्या ग्रुपचा सगळ्यात हिट फोटो आहे तो." अखिलनं रस्त्यावरून हॉर्न वाजवला. अमननं घड्याळ बघितलं, मग प्रेमराजचं तोंड बघितलं, आणि पटकन दोन्ही हात जोडले, मान जराशी तिरकी करून, हसत. "बरं बाबा, आता मागतो. मिच्छामि दुक्कडम्. खूश?"

गादीवरून सुरेशचंद बघत होते. परातवाली बाई बघत होती. सहा आठवडे ज्याची वाट बघितली ते आलं होतं, खास त्याच्याकडे, त्याच्यासमोर हात जोडून, आणि त्याची किंमत चहाच्या उष्ट्या कपाएवढीही नव्हती.

"ठीक आहे," प्रेमराज म्हणाला.

"गुड. येताना टीशर्ट आणतो तुझ्यासाठी. एक्सएल ना?" अमन पळत जाऊन गाडीत बसला. सुरेशचंदांना मुलाचं वागणं आवडलं नसावं. त्यांनी "बसा, चहा घ्या," असं दोनदा म्हटलं. प्रेमराजनं त्यांना नमस्कार केला आणि बॅग उचलून तो भुसावळच्या गाडीकडे निघाला.

सोमवारी सकाळी तो ड्यूटीवर गेला तेव्हा ग्रुपवर चाळीस व्हिडिओ येऊन पडले होते. चहाच्या सुट्टीत त्यानं एकेक पाहिला. अकराव्यात सापडलं. नव्या अल्बमचं शेवटचं गाणं, गायक कुंपणापाशी येऊन लोकांशी हात मिळवतोय, माईक कमरेखाली लोंबतोय आणि आवाज तसाच भरघोस चालू आहे. हात मिळवणाऱ्यांत अखिल होता. प्रेमराजला आनंद झाला, खोटं कशाला बोला. शनिवारपासून पहिल्यांदा झाला. त्यानं लिहिलं, "अकरावा व्हिडिओ, माईककडे बघा. मी जुलैत लिहिलं तेच खरं होतं. मागे घेतलं ती माझी चूक."

पहिलं उत्तर अखिलचं आलं. "अरेरे. तिकीट हुकलं वाटतं." खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मग मगननं लिहिलं, आणि त्यात टोमणा नव्हता हेच वाईट. "भाऊ, परवा आवडला म्हनले, आज नही म्हनता. तुमच्या सांगन्यावर मी ऐकतो. एक काय ते ठरवा ना." अमनला काही लिहायची गरजच पडली नाही.

मगनला उत्तर द्यायला हवं होतं. सगळ्यांत नसलं तरी त्या एकाला खरं सांगायला हवं, म्हणून प्रेमराजनं कानात इअरफोन घातले आणि पाचवा अल्बम पहिल्यापासून लावला. आता कुणासाठी नाही, फक्त ऐकायचं आणि ठरवायचं. पहिलं गाणं वाईट होतं. वाईटच होतं. मग त्याला वाटलं, की व्हायोलिनं वाईट आहेत, की पुढच्या कुंपणाशी आपण नव्हतो म्हणून वाईट वाटतायत? दुसरं गाणं त्यानं दोनदा ऐकलं. एकदा बरं वाटलं, एकदा भिकार. मागच्या आठवड्यात मित्रासाठी आवडून घेतलं होतं, आज मित्रावरच्या रागानं नावडतं करून घेतोय का, ते त्याचं त्यालाच कळेना. मित्र गेला, तिकीट गेलं, ते एक वेळ सोसलं असतं. पण गाणं चांगलं की वाईट हे अख्ख्या खान्देशात ज्याला कळतं तो माणूस आपण आहोत, एवढं एक त्याचं स्वतःचं होतं, आणि ते त्यानं आपल्याच हातानं, बाराशे जणांना गेलेल्या एका मेसेजच्या बदल्यात देऊन टाकलं होतं.

तिसरं गाणं अर्ध्यात बंद करून त्यानं मगनला लिहिलं, "मला सांगता येत नाही." मग इअरफोन खिशात ठेवले आणि तो युनिटवर परत गेला.